पेंटरचा गुलाब विसरा, महाराजबागेत वही घेऊन बसा

तीस वर्षं मी एकच गुलाब रंगवला. सायकलरिक्षाच्या मागच्या पत्र्यावर, पानठेल्याच्या फळीवर, रुखवतातल्या ट्रंकेवर, एकदा तर दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा. उस्तादांनी शिकवलेला तो गुलाब सात फटक्यांचा. आधी पी.ओ. रेडचा, म्हणजे पोस्टाच्या पेटीसारख्या लाल इनॅमलचा गोळा, तो ओला असतानाच त्यात पांढऱ्याचे तीन अर्धगोल, खाली ओठांसारखे दोन मोठे फटके, दोन बाजूंना दोन पानं. हात बसला की दीड मिनिटात एक गुलाब. शंभर काढले तरी सगळे सारखे, आणि तेव्हा त्यालाच कारागिरी म्हणत.

मग फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम गेलं. आता माझ्याकडे जुन्या पत्र्याच्या ट्रंका येतात, लाकडी पाट येतात, मातीच्या कुंड्या येतात, कधी बालवाडीची भिंत मिळते. लोकांना त्यावर फुलंच हवी असतात आणि तीही भरपूर रंगांची. अशाच एका ट्रंकेवर गुलाब टाकत होतो तेव्हा नात शेजारी येऊन उभी राहिली. ती आठवीत होती, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी चाललेली. म्हणाली, “आबा, गुलाबाच्या खाली हिरवं असते ना, ते कुठे गेलं?”

त्या हिरव्याला शाळेच्या पुस्तकात निदलपुंज म्हणतात, हेही तिनंच सांगितलं. माझ्या एकाही गुलाबाला तो नव्हता. हजारो फुलं काढली, सगळी हवेत लटकलेली.

त्या रविवारी तिला घेऊन आमच्या नागपूरच्या महाराजबागेत गेलो. आता ती कॉलेजात आहे आणि मी अजून जातोच आहे. तुम्ही साडीवर फॅब्रिक पेंट करत असाल, रांगोळी काढत असाल, भरतकाम करत असाल किंवा नुसतं वहीत रंगवत असाल, बागेतून काय उचलायचं आणि कसं, ते मला सापडलं तसं सांगतो.

बाग मोठी, वाफा एक

महाराजबाग भोसल्यांच्या काळातली. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, पायी जाता येतं, कृषी महाविद्यालयाला लागूनच आहे आणि कारभार कृषी विद्यापीठाकडे. बहुतेक लोक पोरांना घेऊन वाघ-बिबटे पाहायला येतात. गर्दी पिंजऱ्यांकडे वळते आणि फुलांचे वाफे आपल्यासाठी मोकळे राहतात. तेलंगखेडीची बाग, सेमिनरी हिल्सवरची जपानी बाग, तुमच्या कॉलनीतलं छोटं उद्यान, कुठेही चालेल. घराजवळची बाग केव्हाही चांगली, कारण तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

पहिले काही महिने मी काय करायचो, तर अख्खी बाग पालथी घालायचो. चाळीस फोटो, दहा फुलांची अर्धवट चित्रं, आणि घरी येऊन ट्रंकेसमोर बसलं की हाताला काही सुचेना. सगळं पाहिलेलं, धरलेलं काहीच नाही. आता वही पिशवीतच ठेवून एक फेरी मारतो. दहा मिनिटं. ज्या वाफ्यापाशी पाय आपोआप थांबले तिथे बसतो आणि त्या दिवशी दुसऱ्या वाफ्याकडे जात नाही. आठ दिवसांनी पुन्हा तिथेच. त्या आठ दिवसांत कळी उमललेली असते, उमललेलं फूल मान टाकून बसलेलं असतं, आणि एकाच झाडाची तीन चित्रं आपसूक मिळतात.

आपल्याकडे हंगामी फुलांची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतात. डिसेंबर संपता संपता वाफे भरतात आणि फेब्रुवारीपर्यंत डेलिया, पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, साल्विया, पॅन्झी, शेवंती असा सगळा बाजार उघडा असतो. मार्चच्या उन्हात तो बघता बघता आवरतो. तेव्हा सुरुवात करायची तर जानेवारीत करा. डिसेंबरात अधिवेशन असलं की त्या बाजूचे रस्ते बॅरिकेडांनी अडलेले असतात. अशा वेळी मेट्रोनं बर्डीला उतरून पायी जाणं बरं.

हिवाळ्यात सकाळी आठ ते दहा ही वेळ सोन्यासारखी. ऊन तिरपं असतं, पाकळ्यांना एक उजेडाची बाजू असते आणि एक सावलीची. दुपारी बाराला ऊन डोक्यावर आलं की सगळे रंग पांढुरके पडतात, त्या वेळी बागेत डबा खावा, चित्र काढू नये. संध्याकाळी एक गंमत बघा. सूर्य बुडाल्यावर साल्वियाच्या लाल तुऱ्यांकडे टक लावून बसा. आधी लाल विझतो, काळपट होतो, आणि निळी-जांभळी फुलं मात्र अजून दिसत राहतात. डोळ्याचीच ती रीत आहे, उजेड कमी झाला की त्याला लाल आधी दिसेनासा होतो. मी त्यावरून एक पाट केला, गडद निळ्या जमिनीवर जांभळी फुलं उजळ आणि लाल फुलं जवळजवळ मरून रंगाची. तो पाट पहिल्या दिवशीच गेला.

माळ्याशी ओळख करून घ्या. माझी ओळख भांडणानं झाली. डेलियाचं एक फूल मला मागून पाहायचं होतं, देठ कसा लागलेला असतो ते. वाकून पाहायचं सोडून मी ते तोडलं. मागून आवाज आला, “काका, फुलं पाहाले आले का न्याले?” चूक माझीच होती, कान धरले. नंतर त्याच माळ्यानं मला जे शिकवलं ते कोणत्या वर्गात शिकायला मिळालं नसतं. उंच झाडं मागे, मधली मधे, काठाला बुटकी, आणि दोन भडक रंगांच्या मधे एक पांढरी ओळ. “नाहीतर ते भांडते,” असं तो म्हणाला. मी तोवर लाल आणि केशरी एकमेकांना खेटून रंगवत होतो आणि ते का भांडतात हे मला कळत नव्हतं. सरकारी बागेतला प्रत्येक वाफा म्हणजे कोणीतरी विचार करून लावलेलं चित्र असतं. रचना शोधत बसायची गरज नाही, ती जमिनीत लावलेलीच असते.

तोडायचं नाही, हा नियम पक्का. खाली पडलेलं उचला. हातात धरून, उलगडून, चिरून पाहायचं असेल तर बर्डीच्या नेताजी फूल मार्केटमधून पावभर झेंडू-शेवंती आणा.

पिशवीत काय न्यायचं

थोडं न्या. जाड कागदाची तळहाताएवढी वही, 4बी पेन्सिल, एक गोल ब्रश, सुती फडका, पाण्याची बाटली. रंगांच्या ट्यूबा पाच: लेमन यलो, व्हर्मिलियन, क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. कॅमलच्या साध्या ट्यूबा पुरतात. काळा आणि तयार हिरवा मुद्दाम घरी ठेवा, का ते पुढे सांगतो. बसायला जुनं पोतं. हिरवळीवर बसलात तर शिट्टी वाजेल, पायवाटेच्या कडेला बसा.

आणि एक लग्नपत्रिका. जुन्या पत्रिकेच्या जाड कार्डाच्या कोऱ्या बाजूवर मधोमध बोटाच्या नखाएवढं चौकोनी भोक पाडा. हे माझं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे.

आधी मोजा

पहिली वीस मिनिटं रंगाला हात लावायचा नाही. मोजायचं.

जास्वंद, सदाफुली, फ्लॉक्स, डायंथस, यांच्या पाकळ्या पाच. पिटुनियाच्या कर्ण्याला कोपरे पाच. लिलीच्या सहा दिसतात, पण नीट पाहिलं तर तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या, दोन थरांत. ताम्हण, जे आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प, त्याच्या बहुधा सहा, आणि त्या अशा चुरगळलेल्या की जणू क्रेप कागद मुठीत धरून सोडलाय. मी आधी सगळ्या फुलांना हाताला येतील तितक्या पाकळ्या द्यायचो. कधी चार, कधी सात. बघणाऱ्याला मोजायची सवय नसते, पण त्याला काहीतरी खटकत असतं. आकडा बरोबर आला की फूल ओळखू येतं, बाकी नक्षी कितीही सैल असो.

मग वेगळी पाकळी शोधा. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी एक वेगळी असते, तिच्यावर पांढरट-पिवळे पट्टे आणि लाल शिंतोडे. लहानपणी तीच पाकळी आम्ही आंबट म्हणून खायचो आणि केसरांच्या कुस्त्या लावायचो, तरी पेंटर झाल्यावर बालवाडीच्या भिंतीवर पाचही पाकळ्या लालभडक रंगवून आलो. कांचनाच्याही एका पाकळीवर गडद खूण असते. कीटकाला रस्ता दाखवायला झाडानं केलेली ती पाटी आहे, म्हणजे आमच्याच धंद्यातली.

बोगनवेलीपाशी थांबा. राणी रंगाचं जे दिसतं ते फूल नाही, ती पानं आहेत, रंगीत, तीन-तीनच्या झुबक्यात. खरं फूल आत असतं, बारीक नळीसारखं, फिकट पिवळसर. वहीत ते तीन पांढुरके ठिपके टाकले की बोगनवेल झाली. नाही टाकले तर ती कागदाची फुलं.

झेंडू आणि शेवंतीचं निराळंच. ते एक फूल नसून शेकडो बारक्या फुलांचा मेळावा आहे. त्यामुळे बाहेरून आत काढत आलात तर मधे गर्दी होते. मधल्या बिंदूपासून सुरू करा आणि गोल गोल बाहेर या, पाकळी दर फेरीला थोडी मोठी. डेलियाही तसाच काढायचा. मला हे कळायला सहा डेलिया वाया घालवावे लागले.

समोरून पाहून झालं की बाजूनं पाहा, मग खालून. तीन चित्रं: तोंड, कूस, पाठ. पाठीला ते हिरवं असतं, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं. गुलाबाला त्या हिरव्या पाती पाच असतात आणि फूल पूर्ण उमललं की खाली वळतात. साल्वियाला मात्र तेही लालच असतं. फूल गळून गेलं तरी लाल टोपी देठावर राहते आणि तुरा भरलेला दिसतो. एक अर्धवट उमललेली कळी, एक किड्यानं खाल्लेली पाकळी, एक वाळायला लागलेलं फूल, एवढं वहीत असल्याशिवाय मी उठत नाही. सगळी फुलं टवटवीत काढली की ती प्लास्टिकच्या हारासारखी दिसतात.

आता रंग

इथे जरा सावकाश जाऊ, कारण तीस वर्षं माझं इथेच चुकत होतं. मला वाटायचं, फूल भडक दिसायला फुलाचा रंग भडक हवा. म्हणून पी.ओ. रेडवर पी.ओ. रेड. बागेत बसल्यावर कळलं की फुलाची चमक बरीचशी शेजारच्या रंगात असते.

लग्नपत्रिकेचं भोक डोळ्यासमोर धरा, हात लांब करून. एक डोळा मिटा. भोकातून लाल साल्वियाचा सावलीतला भाग बघा. पत्रिका बाजूला करून पाहिलं तर तो लाल वाटतो, भोकातून पाहिलं तर जांभळट तपकिरी, जवळजवळ आमसुलासारखा. उन्हातलं तुकतुकीत पान बघा. ते हिरवं नाहीच, आभाळाचा फिका निळा त्याच्यावर पडलेला आहे. डोक्याला ठाऊक असतं की पान हिरवं, म्हणून डोळा हिरवं पाहतो. भोक ठेवलं की शेजार जातो, आणि उरतो नुसता रंग. तो वहीत एका चौकोनात लावा, पत्रिकेशेजारी धरून पडताळा, आणि खाली लिहा कुठला भाग. एका फुलाचे सहा चौकोन: उजेड, मधला, सावली, देठ, पान, आणि पानांमधली पोकळी. फुलाचं चित्र नाही जमलं तरी चालेल, हे सहा चौकोन घरी आले पाहिजेत.

त्यातला सहावा चौकोन लोक विसरतात. झुडपाच्या आत जिथे ऊन जात नाही तो अंधार. त्याच्यासमोर फूल पेटल्यासारखं दिसतं. मी आता ट्रंकेवर आधी तो अंधार लावतो, निळ्यात सिएना कालवून, आणि त्यावर फुलं ठेवतो. पी.ओ. रेड तोच, डबा तोच, पण गिऱ्हाईक विचारतं की हा लाल कोणत्या कंपनीचा.

सावलीत काळा घालू नका. झेंडूला सावली द्यायला मी काळा लावला आणि झेंडूला शेवाळ चढलं. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट होतो, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. पिवळ्याची सावली केशरीकडे जाते, मग विटकरीकडे: गोल्डन यलो, त्यात ऑरेंज, शेवटी सिएनाचं किंचित बोट. लालची सावली क्रिमसनमध्ये निळ्याचा एक थेंब. पांढऱ्या तगरीची सावली फिकट निळसर करडी, आणि पानाच्या अगदी जवळ असेल तर हिरवट. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर काढायचं असेल तर फुलाला हातच लावू नका, भोवतीचा हिरवा रंगवा.

बोगनवेलीचा राणी रंग पी.ओ. रेडमध्ये पांढरा घालून होत नाही. होतो तो कोळंबीचा रंग. व्हर्मिलियनमध्ये निळा घातला तर चिखल. राणीसाठी मुळातच थंड लाल हवा, म्हणजे क्रिमसन लेक, पाण्यानं पातळ केलेला. पत्र्यावर काम असेल तर दुकानात जांभळ्या स्टेनरची छोटी बाटली मिळते, गुलाबी इनॅमलमध्ये तिचे दोन-तीन थेंब.

हिरव्याचं सांगतो. फुलांच्या चित्रात अर्ध्याहून जास्त जागा हिरव्याची असते आणि डब्यातला तयार हिरवा सगळं खेळण्यासारखं करून टाकतो. लेमन यलोत अल्ट्रामरीन, आणि त्यात लालचा जेमतेम स्पर्श. हात थोडा इकडे गेला की पोपटी, तिकडे गेला की शेवाळी. एका झाडावर किमान तीन हिरवे दिसतील. कोवळी पालवी, जून पान, पानाची पाठ.

रंग कोणते एकत्र घ्यायचे असा प्रश्न पडला तर मधुमालतीचा वेल शोधा. तिचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तिसऱ्या दिवशी लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग लटकलेले असतात. घाणेरीचंही तसंच. झुबक्यात मधली नवी फुलं पिवळी, कडेची जुनी गुलाबी किंवा केशरी. या दोन झाडांवरून मी जितके रंगमेळ उचलले तितके कोणत्याही शेडकार्डावरून नाही. घाणेरीचा मेळ तर एका बाईंनी बनारसीचा म्हणून पसंत केला. मी काही बोललो नाही.

उन्हाकडे तोंड करून बसलात तर पाकळीतून ऊन आरपार येताना दिसेल. पातळ पाकळ्यांचा खरा रंग तेव्हाच कळतो. तो कागदावर आणायचा तर पांढरा मिसळू नका, रंग पातळ ठेवा, कागदालाच मागून उजेड देऊ द्या.

फोटो काढा, पण विश्वास ठेवू नका

मोबाइलला लाल झेपत नाही. साल्वियाचा तुरा फोटोत नुसता लाल डाग होतो, आतली घडी दिसत नाही. जांभळं फूल बऱ्याचदा निळं येतं. म्हणून फोटो आकारासाठी ठेवा आणि रंग वहीतल्या चौकोनातून घ्या. फोटो काढताना फुलाशेजारी वहीचं पांढरं पान येऊ द्या, घरी पडताळायला उपयोगी पडतं. मोबाइलच्या पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेड कमी करा, मग काढा.

बागेत लोक जवळ येतात, हेही धरून चाला. “काका, काय करून राहिले?” हा प्रश्न तासाला चार वेळा. “माझं चित्र काढा ना” हा दोन वेळा. मी एका पोराला लग्नपत्रिकेचं भोक दिलं आणि सांगितलं, सगळ्यात काळा हिरवा शोधून आण. अर्धा तास शांतता.

वहीतून ट्रंकेवर

घरी आल्यावर लगेच ट्रंक उघडू नका. एक दिवस जाऊ द्या. मग वहीतलं एकच फूल निवडा, जे ठळक होईल. बाकीची त्याची माणसं. माझ्या हातची चांगली झालेली कामं आठवली तर त्यात एक मोठं फूल, दोन-तीन मधली, आणि मग बारीक भरणी, झाडून सगळीकडे नाही. जिथे डोळ्याला विसावा हवा तिथे मोकळी जमीन.

आमच्या धंद्यात खाका असतो. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, रेघेवर टाचणीनं भोकं पाडायची, कापडाच्या पुरचुंडीत खडूची पूड बांधून त्यावरून थोपटायची. पत्र्यावर ठिपके उमटतात, त्यावरून रंगवायचं. जमीन फिकी असेल तर कोळशाची पूड. भरतकामाला, साडीला हीच रीत. पूर्वी माझा एका गुलाबाचा एक खाका असायचा. आता एका फुलाचे तीन: तोंड, कूस, पाठ. ते फिरवून, उलटे करून ठेवले की बारा फुलांतलं कोणतंही दोन सारखं दिसत नाही, आणि श्रम मात्र तिघांचेच.

माळ्याची पांढरी ओळ विसरू नका. लाल आणि केशरीच्या मधे थोडी तगर, थोडा फिका हिरवा, काहीही शांत.

रंग मिसळताना वहीतला चौकोन ट्रंकेच्या शेजारी ठेवा आणि इनॅमलचा ठिपका कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. ओला आणि वाळलेला रंग यात फरक पडतो, जलरंगात तर फारच. वाळल्यावर तो फिका होतो, तेव्हा बागेत चौकोन लावताना एक घर गडदच लावायचा.

बाकीचे महिने

जानेवारी संपला म्हणून वही बंद करायची नाही. फेब्रुवारीत काटेसावर, पान एक नाही आणि फांदीवर मांसल पाच पाकळ्यांची लाल फुलं. त्याच सुमारास गावाबाहेर पळस. पळसाच्या फुलाकडे सगळे केशरी म्हणून बघतात, पण त्याची टोपी मखमली, काळपट तपकिरी असते आणि तिच्यामुळेच ते केशरी एवढं पेटतं. लहानपणी होळीला हीच फुलं उकळून आम्ही रंग करायचो, कपड्यावर पिवळा-केशरी उतरायचा. एप्रिल-मेमध्ये बहावा. त्याचे घोस खाली लोंबतात, तेव्हा झाडाखाली उभं राहून वर बघत काढा, आभाळाचा निळा मागे घेऊन. त्याचा पिवळा झेंडूपेक्षा लिंबाकडे झुकलेला.

उन्हाळ्यात सकाळी सहाला बागेत आणि साडेसातला घरी, कूलरसमोर. पारा पंचेचाळिशी ओलांडतो तिथे शौर्य दाखवण्यात अर्थ नाही. त्या हवेत रंग ब्रशवरच वाळतो. पाण्यात ग्लिसरीनचा एक थेंब टाका, थोडा वेळ ओला राहतो. पावसाळ्यात उलट, कागद वाळतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे पारिजातकाखाली सडा पडलेला असतो, पांढरी पाकळी आणि केशरी देठ. तेव्हा मात्र थोडं ओलं सहन करून बसावं.

भर पावसात मी रंग नेत नाही. पेन्सिल आणि वही, प्लास्टिकच्या पिशवीत. रंग शब्दांत लिहून आणतो. आपल्याकडे साड्यांच्या दुकानानं रंगांना किती नेमकी नावं दिली आहेत: अबोली, मोतिया, श्रीखंडी, डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, गुलबक्षी, आमसुली. ‘लाल’ लिहिलं तर घरी गेल्यावर काही आठवत नाही. ‘डाळिंबी, कडेला आमसुली’ लिहिलं तर दोन ट्यूबा आपोआप हाताशी येतात. नाव सापडलं नाही तर वस्तू लिहा: ओली वीट, कच्च्या संत्र्याची साल, कढीपत्त्याची पाठ.

आमच्या सौभाग्यवती ही पानं तपासतात. मागच्या श्रावणात मी कर्दळीच्या एका पानाखाली आमसुली लिहून आणलं होतं. त्यांनी चष्मा लावला, खिडकीतून आमच्याच कुंडीतल्या कर्दळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हा वांगी आहे. आमसुली माझ्या आईच्या इरकलीचा होता.” ट्रंक तोवर अर्धी रंगून झाली होती. पुन्हा कालवला. वांगीच निघाला.